रविवारी न जाणारी वीज

४ जानेवारी

ताई,

वन्सं लिहावं की ताई, या घोळात दोन कागद फाडून झाले. वन्सं लिहिलं की मी जुन्या नाटकातली सून वाटते, आणि नुसतं नाव लिहायची हिंमत नाही. नात्याने मी मोठी, वयाने तुम्ही मोठ्या. म्हणून ताईवर तोडगा काढला.

मी तुमची वहिनी. आपण अजून भेटलेलो नाही. तुम्ही घर सोडून वीजकेंद्रावर गेलात, त्यानंतर दोन वर्षांनी मी या घरात आले. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं आणि काचा बसवायचं काम करते. तुमच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, त्यामुळे मला जे माहीत आहे ते तुमच्या मावशींकडून. पत्ताही त्यांनीच दिला. फोन नंबरही दिला होता. पण अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही असं त्या म्हणाल्या, आणि उचललात तरी पहिल्या वाक्यात मी काय बोलणार होते?

काम असं आहे की घरातली वीज सारखी जाते. रस्त्यावर असते, शेजारी असते, आमच्याकडेच जाते. बोर्डावरचे छोटे खटके जागच्या जागी असतात. खाली पडतो तो फक्त मोठा, पांढरा, बटणवाला. शिकत असताना तुम्ही बसवला होता म्हणे. आई त्याला ‘तिचा डबा’ म्हणतात. या घरात तुमचा उल्लेख एवढाच.

डबा पडतो तो सकाळी, आणि पडतो तो मी आंघोळीला गेल्यावरच. आई पहाटे उठून आंघोळ उरकतात. मग तुमचे दादा. ते गोदामावर गेले की मी. डोक्याला साबण लावला रे लावला की अंधार! अंगावर गार पाणी घेत ओरडते, आई बाहेरून म्हणतात, “आले, आले, वर करते,” आणि बऱ्याच वेळाने वीज येते. रोज नाही, पण आठवड्यातून तीनचार वेळा तरी. दादा म्हणतात, “तुझ्यात आणि विजेत काहीतरी वैर आहे.” त्यांना गंमत वाटते, कारण त्यांची आंघोळ कधीच अर्धवट राहिलेली नाही.

गीझर जुना होता, तो बदलला. फरक शून्य. मावशी चार दिवस राहून गेल्या त्यानंतर हे सुरू झालं, म्हणून दादा म्हणतात की मावशींनी जाताना वीज पिशवीत घालून नेली. आईंना हा विनोद आवडत नाही.

तुम्ही एवढ्या मोठ्या तारांवर काम करता, आमची ही चिमूटभर वीज तुम्हाला पोरखेळ वाटेल. पण सुचवा काही. मी फक्त विजेसाठी लिहिते आहे, दुसरं काही मनात नाही.

तुमची वहिनी

ता. क. हे पत्र दादांना माहीत नाही.


१९ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. त्यात ना मायना, ना खुशाली, ना सही. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीच्या कागदावरसुद्धा ‘अभिनंदन’ लिहिलेलं असतं हो! पण शेवटची ओळ वाचून हसू आलं: “अहो-जाहो बंद कर, साहेबांना लिहिलेला अर्ज वाचतेय असं वाटतं.” बरं. आजपासून अगं-तुगं. आधी थोडं अडखळेन.

तुझ्या कागदातलं मला कळलं ते असं. छोटा खटका पडला तर समजायचं की त्या वाटेवर ओझं जास्त झालं किंवा तारा एकमेकींना चिकटल्या. पण मोठा डबा पडला तर वीज गेलेल्या वाटेने परत येत नाहीये. मधेच कुठेतरी गळून जमिनीत जातेय. ओल्या भिंतीतून, बिघडलेल्या यंत्रातून, नाहीतर माणसातून. तू खाली दोन रेघा मारून लिहिलंस, “तो पडतोय म्हणजे तो काम करतोय. त्याला शिव्या देऊ नका. त्याला बांधून ठेवू नका, काढू नका. आणि कुणाला शॉक बसला तर माणसाला हात लावण्याआधी मेन पाड.” ‘माणसातून’ हा शब्द वाचून मी कागद खाली ठेवला. पण मग वाटलं, माणसातून गेली असती तर माणूस बोलला असता की!

रविवारी तू सांगितलंस तसं केलं. सगळे खटके खाली पाडले, सगळी यंत्रं भिंतीतून उपटली, डबा वर केला, मग एकेक खटका चढवला आणि एकेक यंत्र लावलं. तुझे दादा दाढीचा फेस तोंडावर घेऊन उभे होते, म्हणाले, “नोकरी बदललीस की काय?” आई बाहेरच्या खोलीत कोचावर बसून देखरेख करत होत्या. तुला ठाऊकच आहे, इतकी वर्षं बालवाडी चालवल्यामुळे त्यांना वाटतं जगात सगळेच चार वर्षांचे आहेत. “ओले हात पूस. स्टूल हलतंय. दोन्ही पायांवर उभी राहा.” बोर्डाच्या जवळ मात्र त्या आल्या नाहीत. बाबा गेल्यापासून त्या बोर्डाला हात लावत नाहीत असं दादा म्हणाले. मग मला प्रश्न पडला: सकाळी मी साबण लावून उभी असते तेव्हा डबा वर कोण करतं? विचारलं तर आई म्हणाल्या, “काठीने ढकलते.”

मिक्सर लावला, इस्त्री लावली, फ्रिज, पंखे, शेवटी गीझर. डबा ढिम्म. मी बादलीभर पाणी बाथरूमच्या भिंतीवर मारलं. तरी ढिम्म. तासभर गीझर चालवला, घरभर वाफ झाली, डबा तसाच उभा. मग लक्षात आलं की रविवारी वीज कधीच गेलेली नाही. एकदाही नाही. दादा म्हणाले, “तिलाही सुटी लागते.”

आता गंमत ऐक. संध्याकाळी आई म्हणाल्या, “हे सगळं कुठे शिकलीस?” मी म्हटलं, “मोबाइलवर बघितलं.”

“असं का? मग त्या मोबाइलला सांग, अक्षर सुधार. पहिलीपासून असंच गिचमिड काढतो.”

तुझा कागद मी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला होता, ताई. त्यांनी तो वाचला. नीट घडी घालून परत ठेवला. आणि मला वाटतं दोनदा वाचला, कारण घडी उलटी होती.

मग त्यांनी चहा टाकला.

वहिनी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं पत्र परवा आलं. “रविवारी घरात काय वेगळं असतं? यंत्रं बघू नकोस, माणसं बघ.” मी दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवताना हेच घोकत होते. रविवारी वेगळं काय? तर तुझा दादा घरी असतो. पण असलेल्या माणसामुळे वीज कशी थांबेल?

त्याचा शोध लावण्याआधीच एक घोटाळा झाला. तो सांगायला हे पत्र. तू रागावशील, माझ्यावर नको.

परवाच मी दुकानात असताना दादाने एका वायरमनला बोलावलं. माणूस भला आहे. त्याला म्हणे दादानेच सांगितलं, “मला कारण नको, वीज जायला नको.” त्याने डबा बाजूला काढून तारा सरळ जोडून दिल्या. मी घरी आले तर डबा खिडकीत ठेवलेला, पडलेल्या दातासारखा.

मी म्हटलं, “तो काढायचा नव्हता.”

“का? तो होता म्हणून वीज जात होती. गेला, कटकट गेली.”

“कुत्रा भुंकतो म्हणून कुणी कुत्रा विकतं का?”

“रोज सकाळी ओरडायचीस तू! तुझ्यासाठीच केलं ना मी?”

ते खरंच होतं. मग तो हळूच म्हणाला की आईने विरोध केला म्हणून त्याला जास्तच चेव चढला. मी म्हटलं, “आईंनी?” हो म्हणे. वायरमन शिडीवर चढला तेव्हा आई आतून आल्या आणि म्हणाल्या, “तो डबा राहू दे.” दादा म्हणाला, “तूच तर रोज त्याच्या नावाने बोटं मोडतेस.” तर त्या म्हणाल्या, “मी मोडेन. तू मोडू नकोस.” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी तुझे दोन्ही कागद दादासमोर ठेवले. म्हणजे आता त्यालाही माहीत आहे. त्याने वाचले, तुझ्या अक्षरावरून बोट फिरवलं, आणि भांडण विसरून म्हणाला, “अजून ‘ळ’ उलटाच काढते.” वायरमनला परत बोलावून डबा लावून घेतो, असं कबूल केलंय. तो माणूस दुसऱ्या कामावर अडकलाय, शनिवारी येईल.

तोवर घरात वीज आहे. सलग. मी दोन दिवस गरम पाण्याने निवांत आंघोळ केली. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं.

वहिनी


८ फेब्रुवारी

ताई,

आधी हे वाच: आई ठीक आहेत. घरी आहेत. आत्ता माझ्यावर खेकसून झोपल्यात, म्हणजे खरंच ठीक आहेत.

केंद्रावर ठेवलेला निरोप तुला मिळाला असेल, पण निरोपात ‘आईला शॉक, काळजी नको’ एवढंच मावलं. बाकीचं इथे लिहिते.

शुक्रवारी सकाळी दादा गेला, मी आंघोळीला गेले. वीज गेली नाही. पण भिंतीपलीकडे, आईंच्या खोलीत, काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. तशीच गाऊन अडकवून धावले. आई कपाटाशेजारी जमिनीवर, एक हात छातीशी, मुठीत ओलं फडकं. मी वाकले, आणि तुझं अक्षर डोळ्यांपुढे आलं. हात मागे घेतला. धावत जाऊन मेन पाडला, मग त्यांना धरलं. माझ्या केसांतलं पाणी त्यांच्या तोंडावर गळत होतं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “आधी केस पूस.”

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. बोटांची टोकं भाजलीत. डॉक्टर म्हणाले की पडल्या म्हणून वाचल्या. पडताना हात सुटला. हात चिकटून राहिला असता तर मला हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

आता कारण. आईंच्या कपाटाचं दार पूर्ण उघडलं की मागची वीतभर भिंत झाकली जाते, आठवतं तुला? दार नेहमी उघडंच असतं. मला वाटायचं, बिजागरी ढिली आहे. काल सकाळी दवाखान्यातून घरी येऊन दादाने ते दार लावलं. मागे भिंतीत एक खिळा, खिळ्याला तुझा फोटो. मनोऱ्यावर चढलेली तू, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि खाली बघून कुणावर तरी ओरडते आहेस असं तोंड.

तू तो मावशींना पाठवला होतास. मावशींनी येताना आणला आणि उशीखाली ठेवून गेल्या. मावशी गेल्या त्या दिवशी आईंनी स्वतः वरवंट्याने खिळा ठोकला. भिंतीपलीकडे बाथरूम, आणि त्याच भिंतीतून गीझरची तार खाली येते. खिळ्याने तार सोलली. गीझरचं बटण चालू केलं की खिळ्यात वीज यायची.

दादा घरात असेपर्यंत त्या फोटोकडे जायच्या नाहीत. तो गेला, मी आंघोळीत शिरले, गीझर चालू झाला, की त्या दाराआड उभ्या राहायच्या. अनवाणी. ओल्या फडक्याने तुझा फोटो पुसायच्या. फडकं किंवा बोट खिळ्याला लागलं की डबा पडायचा. रविवारी दादा घरी, म्हणून फोटो नाही, म्हणून वीज जायची नाही.

ताई, जितक्या सकाळी वीज गेली तितक्या सकाळी तुझ्या डब्याने त्यांना वाचवलं. आणि आम्ही त्यालाच काढून खिडकीत ठेवला.

दवाखान्यात मी त्यांना विचारलं, “आई, झटका बसत होता तर बोलला का नाहीत?”

“झटका नव्हता गं. नुसतं हाताला टोचल्यासारखं व्हायचं, अंगातून काहीतरी सर्रकन जायचं आणि अंधार व्हायचा.”

“मग?”

“मला आधी वाटलं, माया आहे.”

मला हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “नंतर संशय आला होता. पण सांगायचं म्हणजे फोटो दाखवावा लागला असता. म्हटलं, डबा आहे तोवर निभेल.” म्हणूनच तो काढू नका म्हणत होत्या.

दादा दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं. वायरमनला एका शब्दाने बोलला नाही, म्हणाला, “मीच सांगितलं होतं त्याला.” काल त्या माणसाने येऊन डबा परत बसवला आणि गीझरची तार दोन्ही टोकांना सोडवून ठेवली. आता बंबासारखं पातेलं गॅसवर चढतं. भिंत फोडून नवी तार टाकायची आहे. ते काम कुणी करायचं हे मी ठरवलंय, पण अजून बोलले नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन आला त्या संध्याकाळी इकडच्या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

फोन दादाने उचलला. तुझा आवाज ऐकून त्याने आधी घसा खाकरला, मग तुला “काय गं, कशी आहेस?” विचारण्याऐवजी “इथे आहे ती, देतो” म्हणाला आणि फोन आईंच्या मांडीवर ठेवून आवाज मोठा केला. आई मांडीवर विंचू पडल्यासारख्या बघत बसल्या. तू “आई, आई” करत होतीस. मी आणि दादा दोघंही स्वयंपाकघरात निघून आलो, पण दार उघडं ठेवलं. एवढे सज्जन आम्ही नाही.

त्यांनी तुला जे विचारलं त्याचा अर्थ तुला त्या वेळी कळला नसेल. “तू वर असतेस तेव्हा खाली बटणापाशी कोण असतं?” आणि तू म्हणालीस, “कुणी नाही, आई. बटणाला कुलूप लावते. किल्ली माझ्याच खिशात.”

“एकच किल्ली?”

“एकच. मी खाली आल्याशिवाय साहेबालासुद्धा चालू करता येत नाही.”

दादाने माझा हात दाबला. आणि मग आई म्हणाल्या, “खिशाला चेन आहे ना?”

तू हसलीस. तिथून पुढचं तुला माहीत आहे.

पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, “हे तिला लिही. तोंडाने मला जमणार नाही.” म्हणून लिहिते, त्यांच्याच शब्दांत.

बाबांना चुकून शॉक बसला असं तुम्हा दोघांना सांगितलं होतं. चूक बाबांची नव्हती. बाबा खांबावर होते, तार बंद केलेली होती. खाली कुणीतरी, कुणाच्या तरी सांगण्यावरून, काम झालं असेल असं समजून बटण चालू केलं. कोण, ते कधी कळलं नाही. आईंनी ते तुम्हाला सांगितलं नाही, कारण तू लहान होतीस आणि तुला बाबांसारखं व्हायचं होतं. त्या म्हणाल्या, “तिच्या चढण्याला मी भीत नव्हते. ती चढणारच होती, माकडच ते. मी खालच्या माणसाला भीत होते. आणि हे न सांगता नुसतं ‘जाऊ नको’ म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, खांबावर चढायचं असेल तर या घराचा उंबरा उतर, परत चढू नकोस.”

मी म्हटलं, “मग आता?”

“आता काय? किल्ली तिच्या खिशात आहे म्हणते ना?”

मग मी माझी गोष्ट काढली. म्हटलं, भिंत फोडून तार टाकायचीय, वायरमन तयार आहे, पण मला दुसरा माणूस हवाय. आई म्हणाल्या, “लांबून यायचं म्हणजे गाडीभाडं मागेल.” मी म्हटलं, “तिला जेवण चालेल.” त्या उठून आत गेल्या. येताना म्हणाल्या, “मी काही माफबिफ केलेलं नाही. भिंतीचं काम आहे म्हणून येऊ दे.”

ताई, ये. भिंतीचं काम आहे.

वहिनी


१८ मार्च

ताई,

तू जाऊन आठवडा झाला तरी दादा तुझ्या पलंगाशी आला की हळू चालतो, तू झोपली असशील म्हणून.

तू दारात उभी राहिलीस तो क्षण मी मनात फार वेगळा रंगवला होता. रडारड होईल, मी पाण्याचे पेले भरून ठेवले होते. आणि आई म्हणाल्या काय, “बूट काढू नकोस, आधी तो बोर्ड बघ.” आणि तूही पिशवी खांद्यावर ठेवूनच बोर्ड उघडलास! मी पेले घेऊन उभी. दादाने दोन्ही पेले पिऊन टाकले.

नंतर तू भिंत फोडत होतीस आणि आई बॅटरी धरून उभ्या होत्या, ते मी दाराआडून बघितलं. प्रकाश भिंतीवर पडायला हवा होता, सारखा तुझ्या तोंडावर पडत होता. तू दोनदा म्हणालीस, “आई, खाली.” तिसऱ्यांदा काही बोलली नाहीस, चाचपडत तार ओढलीस. मी तेव्हा चहा टाकायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघी कडाडून भांडलात, तेव्हा मी घाबरले होते. इतके दिवस ठेवलेलं सगळं निघालं. तू म्हणालीस, “पहिला पगार झाल्याचं सांगायला केलेला फोनसुद्धा उचलला नाहीस.” त्या म्हणाल्या, “तू एकदाच केलास!” मी दादाला म्हटलं, “जा ना मधे.” तर तो पेपर खाली न करता म्हणाला, “असू दे. आता घर चालू झालं.” त्या दिवशी जेवायला तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हता, पण मीठ देत होता.

तुला खोटं सांगणार नाही. तू गेलीस त्या दुपारी आई फार गप्प होत्या. मनोऱ्यावरचा तुझा फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “भीती गेलेली नाही. भीती आहे तिथेच आहे. पण आता तिच्याशी बोलता येतं.” ‘तिच्याशी’ म्हणजे भीतीशी की तुझ्याशी, ते मी विचारलं नाही.

आता इकडच्या बातम्या. शेजारच्या बाई काल विचारत आल्या की आमच्याकडेही वीज सारखी जाते, तुमचा वायरमन कोण? आई म्हणाल्या, “बसा.” आणि त्यांनी शेजारणीला अख्खा धडा दिला. छोटा खटका पडला तर काय, मोठा पडला तर काय, एकेक यंत्र कसं लावून बघायचं, भिंतीत खिळा ठोकण्याआधी वरखाली बटण आहे का ते कसं बघायचं, आणि पडणाऱ्या डब्याला शिव्या का द्यायच्या नाहीत. त्या बिचाऱ्या हात मागे बांधून ऐकत होत्या. आई शेवटी म्हणाल्या, “आणि तुमच्याकडे डबाच नसेल तर उद्या बसवून घ्या. आमच्या मुलीला विचारून सांगते, कुठला चांगला.”

आमच्या मुलीला. शेजारीण पाच वर्षं इथे राहते. म्हणाली, “तुम्हाला मुलगी आहे?”

“आहे ना. वीज देते ती. तुमच्या घरातलीसुद्धा तिच्याचकडून येते.” ते शास्त्राला धरून आहे की नाही ते तू बघ. मी मान डोलावली.

आज सकाळी मी बोर्डाखाली स्टूल घेत होते, डबा नीट पडतो ना हे, तू सांगितलंस तसं, महिन्यातून एकदा बटण दाबून बघायला. आई म्हणाल्या, “सर.” स्टुलावर चढल्या नाहीत, त्यांचा हात खालूनच पुरतो. बोट बटणावर ठेवलं, भाजलेलं, नवी कातडी आलेलं. बराच वेळ तसंच ठेवलं. दादा ब्रश तोंडात धरून बघत होता. मग दाबलं. खट्! पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, सगळं घर शांत. आणि आईंनी काठी न घेता, हाताने, डबा वर केला.

“चालतंय,” म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

तर आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. नाश्त्याला आईंनी जाहीर केलं की तू काम करतेस ती जागा त्यांना बघायची आहे. फोटोत नाही, खाली उभं राहून. दादाने गोदामाचं कारण सांगितलं, खरं म्हणजे त्याला गाडी लागते. मला दुकानातून सुटी मिळाली आहे. तिकिटं पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारची आहेत. आई विचारतात, तिथे सकाळी थंडी असते का, आणि तुझ्या त्या एका खोलीत तिघी मावतील का?

मी तुला न विचारताच हो सांगून टाकलंय.

तुझी वहिनी